एका हाताचा टॅब

अनंत पेडणेकर आजारी पडायच्या आधी त्यांच्या सोसायटीत कुणाला नोटीस बोर्ड वाचायची गरज पडत नसे. पाणी कधी जाणार, लिफ्टवाला कधी येणार, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं कुठे जमतंय, सगळं त्यांच्याकडून जिन्यातच कळायचं. मरोळच्या एका कारखान्यात गोळ्या पॅक करणाऱ्या मशीनवर त्यांनी उभा जन्म काढला होता. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागली, ती रिटायर झाल्यावरही गेली नाही. मुलुंड पूर्वेच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको मालन, दोघंच राहायचे. मुलगी निधी लग्न होऊन अंधेरीला गेली होती. ती म्हणायची, "आई, बाबांना फोनची गरज काय? खिडकीत उभे राहून बोलले तरी मला इथे ऐकू येईल."

संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातला रेझर गळून पडला. मालनने हाक मारली, तर ते नुसते तिच्याकडे बघत राहिले. वेळेत हॉस्पिटल गाठलं म्हणून जीव वाचला. उजवा पाय हळूहळू सावरला. उजवा हात मात्र लोंबता राहिला, आणि बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं समजायचं. कोण काय म्हणालं, कुणाची थट्टा चाललीय, एकूण एक. पण तोंडातून यायचा तो एकच शब्द. "बरोबर."

"चहा टाकू?"

"बरोबर."

"की नको?"

"बरोबर."

मालन कान देऊन ऐकणारी बाई. थोड्या दिवसांत तिने त्या एका शब्दाच्या चाली ओळखून घेतल्या. तुटक 'बरोबर' म्हणजे हो. लांबवलेलं म्हणजे नाही. आणि एकामागून एक धडाधड आले, तर तुला काही कळलेलं नाही, पुन्हा विचार. एवढ्यावर जेवणखाण, आंघोळ, औषधं निभावत होती. पण माणसाला चहाशिवायही काही बोलायचं असतं. ते बोलता आलं नाही की अनंतराव भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, आणि मालन स्वयंपाकघरात उगीच भांडी वाजवत बसायची.

त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा रश्मी यायची. चेंबूरची मुलगी, आजारात ज्यांची वाचा गेली त्यांना बोलायला शिकवणं हेच तिचं काम. तिने एक मोठा पुठ्ठा आणून दिला होता. त्यावर चित्रं होती: पाणी, जेवण, बाथरूम, दुखतंय, झोप. हवं त्यावर बोट ठेवायचं. बरा चालला पुठ्ठा. मग एक दिवस अनंतराव त्यावरच्या एकाही चित्रावर बोट ठेवीनात. खिडकीकडे दाखवायचे, पोटाकडे दाखवायचे, पुन्हा खिडकी. मालनने गरम पाण्याची पिशवी आणली, ओवा आणला, खिडकी लावली, उघडली. शेवटी त्यांनी पुठ्ठा टेबलावरून ढकलून दिला. दुसऱ्या दिवशी समोरच्या विंगमधले भाऊराव पेढे घेऊन आले. त्यांच्या सुनेला मुलगी झाली होती. अनंतरावांना एवढंच विचारायचं होतं, की भाऊरावांची सून बाळंत झाली का?

मालनने पेढा हातात घेतला आणि तिला रडूच आलं. भाऊरावांना वाटलं, आनंदाने.

हे ऐकल्यावर रश्मी म्हणाली, "काकू, पुठ्ठ्याचं काम संपलं आता. टॅब घ्या. त्यात एक अ‍ॅप टाकू. चित्रावर बोट ठेवलं की ते मोठ्याने बोलतं. मराठीत. आपल्याला हवी ती चित्रं, हवी ती वाक्यं घालता येतात."

"माझ्या फोनवर नाही का चालणार?"

"चालेल. पण चित्रं केवढीशी दिसतात बघा. काकांना पाणी हवं असेल आणि बोट पडेल बाथरूमवर."

"मग कुठला घेऊ टॅब?"

"कंपनीचं नंतर बघू. काका तो कसा वापरतील ते आधी बघा. बसतात कुठे, धरणार कसा, बाहेर न्यायचा का. ते तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही."

पण टॅब घ्यायचा म्हटल्यावर मालनला विचारतंय कोण! निधीने आधी स्वतःचा जुना टॅब आणून दिला. त्यावर ती पूर्वी मालिका बघायची. टॅब इतका जुना झाला होता की नवं अ‍ॅप त्यात शिरेचना. रश्मीने खटपट करून त्या अ‍ॅपची जुनी आवृत्ती कशीबशी बसवली, तर टॅब मध्येच गोठायचा, आणि चार्जिंगची वायर काढली की मान टाकायचा. दोन दिवसांत तो परत गेला. मात्र जाताना मालनला एक गोष्ट शिकवून गेला.

झालं असं. तिने तो टॅब अनंतरावांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी धरला, आणि तसेच बसून राहिले. मालन म्हणाली, "अहो, दाबा ना." त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, मग खाली स्वतःच्या उजव्या हाताकडे. मालनला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. चालता हात टॅब धरण्यात गुंतला, तर दाबणार कशाने? मग तिने स्वतः तो त्यांच्यापुढे धरला, आरतीचं ताट धरावं तसा. त्यांनी पाण्याच्या चित्रावर बोट आपटलं. मशीनची बटणं दाबण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे दाबणं जोरात. टॅब म्हणाला, "मला पाणी हवे आहे." मालन आनंदाने उठली आणि टॅब हातात घेऊनच पाणी आणायला आत गेली. परत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तेवढा वेळ त्या माणसाची बोलती आपण काखेत मारून स्वयंपाकघरात उभ्या होतो.

पुढचे काही दिवस ती त्यांच्यावर नजर ठेवून होती. सकाळी ते खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत. जेवायला डायनिंग टेबलाशी, तिथे सनमायका गुळगुळीत. संध्याकाळी खाली कंपाउंडमधल्या बाकावर भाऊरावांबरोबर, आणि तिथे पावणेसहापर्यंत ऊन थेट मांडीवर. शेजारून रिक्षा जातात, मुलं ओरडत असतात, त्यामुळे आवाज दणदणीत पाहिजे. आणि बाकापर्यंत टॅब नेणार कोण? रोज मालनने खाली उतरवून द्यायचा, तर मग ते दोघं मित्र बसलेत तिथे ही कशाला?

इकडे सुबोधचे मेसेज चालू होते. सुबोध अनंतरावांच्या बहिणीचा मुलगा, ऐरोलीला आयटीत. मामा हॉस्पिटलात होता तेव्हा आठ दिवस हा पोरगा कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर झोपला होता. त्यामुळे त्याचं मन मोडणं मालनला जड जायचं. तो लिहायचा, "मामी, घ्यायचा तर टॉपचा घेऊ. बारा इंची. प्रोसेसर असा की पाच वर्षं बघायला नको. पेन पण मिळतो." मालनने विचारलं, "पेनाने काय करायचं?" सुबोध म्हणाला, "ड्रॉइंग." मामाने जन्मात कधी मोरसुद्धा काढला नव्हता.

रविवारी सकाळी सगळे मुलुंड पश्चिमेच्या मोठ्या दुकानात गेले. मालन, निधी आणि अनंतराव रिक्षाने, सुबोध परस्पर. मामाला न्यायची काय गरज, असं सुबोधचं म्हणणं होतं, त्याला दगदग होईल. मालनने एकच सांगितलं, "चप्पल घेताना पाय घरी ठेवून जातोस का रे?"

दुकानात एसी चालू होता. हर्षद नावाचा सेल्समन पुढे आला. तिशीचा, चटपटीत, मूळचा कच्छकडचा, पण मराठी फर्डं. त्याने चौघांकडे बघितलं आणि पैसे कोण देणार याचा अंदाज बांधून सुबोधशी बोलायला लागला. सुबोध खूश झाला. रॅम, रिफ्रेश रेट, कोअर. दोघांची गाडी अशी सुटली की बाकीचे फलाटावरच राहिले. अनंतराव कुणीतरी दिलेल्या स्टुलावर बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते.

शेवटी हर्षदला आठवलं की एक काकाही आलेत. त्याने तो बारा इंची टॅब त्यांच्यासमोर धरला. "अंकल, हा बघा. पिक्चर क्वालिटी बघा. घरात थिएटर. घेऊन टाकू?"

"बरोबर," अनंतराव म्हणाले.

"वा! अंकलची चॉइस झकास. बिल करू?"

"थांब रे," मालन म्हणाली. "ते नाही म्हणतायत."

हर्षद गोंधळला. "पण आंटी, ते तर बरोबर बोलले."

"लांबवलं ना त्यांनी! लांबवलं की नाही."

मग तिने त्याला सगळं नीट सांगितलं. आजारपण, हात, तो एक शब्द, टॅब कशासाठी हवा. हर्षदच्या चेहऱ्यावरचा दुकानदारी उत्साह उतरला. त्याने स्टूल काढून घेतलं, मागून हातांची खुर्ची आणली, काउंटरजवळ लावली, आणि पहिल्यांदा अनंतरावांकडे बघून बोलला. "अंकल, आता तुम्ही सांगा, मी आणतो. लांबवलं की परत नेतो."

बारा इंची आधी आला. सुबोधचा जीव त्याच्यात अडकलेला. काउंटरवर ठेवला तर दिसायला राजबिंडा. पण अनंतरावांनी डाव्या हाताने उचलायचा प्रयत्न केला आणि मनगट कलंडलं. निधीने वरच्यावर झेलला म्हणून वाचला. सुबोधने तो स्वतःच हर्षदला परत दिला. मग मालनने सगळ्यात लहान मागितला. तो तळहातात छान बसला, पण रश्मीने निधीच्या फोनवर पाठवलेली चित्रांची पाटी त्यात उघडली, तर चित्रं वाटाण्याएवढी. अनंतरावांनी तीनदा 'जेवण' दाबायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा दुसरंच काही दाबलं गेलं.

मधला, दहा इंचांचा, सगळ्यांनाच बरा वाटला. मालनने तो दाराबाहेर फुटपाथवर नेऊन उन्हात धरला, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून बघितला. चित्रं दिसत होती. मग तिने निधीला सांगितलं, "तू पानवाल्यापाशी जाऊन उभी राहा. मी दाबते. ऐकू आलं तर हात वर कर." निधीला लाज वाटत होती, पण ती गेली. मालनने गाणं लावलं. मधून एक बस गेली, दोन रिक्षा गेल्या, पानाच्या टपरीशी निधीने हात वर केला. दारात उभा राहून हर्षद हसत होता. "आंटी, असं कोणीच चेक करत नाही."

"चुकतात मग," मालन म्हणाली.

राहिलं ते उभं करायचं. हर्षदने टॅबला घडीचं कव्हर लावलं. मागे त्रिकोणी घडी घातली की टॅब तिरका उभा राहतो, तसलं. उभा राहिलासुद्धा. अनंतरावांनी बोट उगारून चित्रावर मारलं आणि टॅब मागच्या मागे उताणा. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. "मामा, हळू," सुबोध म्हणाला. "अलगद. नुसतं टच कर." त्यांनी अलगद करायचा प्रयत्न केला, पण घडी घसरली आणि टॅब काचेवर आपटला.

"फटकी येवंदे तुका!"

सगळं दुकान थांबलं. शब्द स्वच्छ होता, खणखणीत, थेट मालवणहून आलेला. मोबाइलच्या काउंटरवरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. अनंतरावांनाही आपल्या तोंडातून काय बाहेर पडलं त्याचा धक्का बसला होता. निधीने तोंडावर हात घेतला. मालन मात्र हसायला लागली. रश्मीने तिला सांगून ठेवलं होतं, की शिव्या, गाणी, आरत्या मेंदूच्या निराळ्या वाटेने येतात, त्या कधी कधी अशा अवचित बाहेर पडतात. "ओवीसारखी आली," ती डोळे पुसत म्हणाली. "आता आणखी एकदा बोला बघू." पण ते काही पुन्हा जमलं नाही. अनंतराव स्वतःच हसले, आजारानंतर एका बाजूने वाकडं झालेलं ते हसू, आणि बसल्या बसल्या मान वळवून दुकान बघायला लागले.

बघता बघता त्यांची नजर एका जागी थांबली. ते उठले. उजवा पाय किंचित ओढत लहान मुलांच्या वस्तूंच्या कपाटाशी गेले आणि डाव्या हाताने तिथलं एक कव्हर काढून आणून काउंटरवर ठेवलं. जाडजूड रबराचं, पोपटी रंगाचं. वर उचलायला चांगली रुंद मूठ. तीच मूठ फिरवून मागे टेकवली की तिचा पाय होणार. सोबत गळ्यात अडकवायचा पट्टा. कोपऱ्यावर बेडकाचे दोन डोळे.

"बाबा," निधी हळूच म्हणाली, "ते लहान मुलांचं आहे."

"बरोबर."

"मामा, ब्लॅकमध्ये एक मजबूत येतं, ऑनलाइन मागवू," सुबोध म्हणाला.

"बरोबर," लांबवून.

हर्षदने टॅब त्या रबरात बसवला आणि मूठ मागे वळवून उभा केला. अनंतरावांनी बोट आपटलं. टॅब जागचा हलला नाही. आणखी जोरात आपटलं. तसाच. मग त्यांनी मुठीत डावा हात घातला, टॅब पिशवीसारखा उचलला, दुकानाच्या दारापर्यंत चालत गेले आणि परत आले.

निधीचे डोळे भरले होते. रिक्षात ती आईला म्हणाली, "लोक काय म्हणतील गं? बाबा, आणि ते बेडकाचे डोळे."

"तुझ्या बाबांना लोकांशी बोलायचंय," मालन म्हणाली. "लोक काही म्हणाले तर उत्तर देतील."

तसा टॅब घरी आला. आता प्रश्न आवाजाचा. अ‍ॅपमधली बाई शुद्ध बोलायची. "मला शौचालयात जायचे आहे," असं ती इतक्या गंभीरपणे सांगायची की मालनला वाटायचं, आता फलाट क्रमांकही सांगणार. अनंतरावांना तो आवाज अजिबात आवडला नाही. तिने तोंड उघडलं की ते आवाज कमी करायचे.

रश्मी म्हणाली, "प्रत्येक चित्राला आपला आवाज रेकॉर्ड करून लावता येतो. कुणाचाही."

निधीला एकदम सुचलं. "आई, तुझ्या फोनमध्ये बाबांचे व्हॉइस मेसेज असतील! त्यातलेच शब्द कापून लावू." तिने लगेच आईचा फोन घेतला, मागे मागे गेली आणि एक लावला. खोलीत अनंतरावांचा आवाज घुमला. "मालन, गो, मी खाली उभो आसंय. बॅटरी घेवन ये, पार्किंगात काळोख आसा."

अनंतराव खुर्चीत ताठ झाले. मेसेज संपला. निधीने दुसरा लावायला बोट उचललं, तेवढ्यात त्यांनी डावा हात फोनवर ठेवला. रागाने नाही. नुसता ठेवला. मग उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मालन म्हणाली, "राहू दे, निधी. तो आवाज त्यांचा आहे. ते अजून शोधतायत त्याला. तू त्याचे तुकडे नको करूस."

त्या दिवशी कुणी पुढे काही केलं नाही. संध्याकाळी भाऊराव बोलवायला वर आले. भाऊराव साताऱ्याकडचे, महापालिकेच्या पाणी खात्यात नोकरी करून रिटायर झालेले. धिप्पाड माणूस, विहिरीतून यावा तसा खोल आवाज, आणि बोलणं अगदी मोजकं. या दोघांची दोस्ती जमली तीच मुळी एक बोलायचा आणि दुसरा ऐकायचा म्हणून. अनंतरावांनी त्यांना कोपराला धरून टॅबसमोर बसवलं. त्यांच्या तोंडाकडे बोट केलं, मग टॅबकडे.

"मी?" भाऊराव दचकले. "माझा आवाज घालायचा म्हणतोस?"

"बरोबर." तुटक.

"अरं, पण तू कोकणातला. माझी बोली घाटावरची. तुझ्या तोंडी कशी शोभंल?"

"बरोबर, बरोबर, बरोबर."

"गप बसा आणि बोला, असं म्हणतायत," मालनने भाषांतर केलं.

पुढच्या खेपेला रश्मी आली तेव्हा भाऊराव इस्त्रीचा शर्ट घालून हजर होते. रश्मीने चित्र दाखवायचं, वाक्य सांगायचं, भाऊरावांनी बोलायचं. पाणी, जेवण, पंखा ठीक झालं. चहाशी गाडी अडली. रश्मीने वाक्य दिलं, "अगं, चहा टाक."

भाऊराव खाली बघायला लागले. "वहिनीला अगं कसं म्हणू मी?"

"तुम्ही नाही म्हणत, भाऊराव. काका म्हणतायत."

"आवाज तर माझाच हाय ना!" आणि त्यांनी घसा खाकरून आपल्या मनाने रेकॉर्ड करून टाकलं. "वहिनी, चहा मिळंल का जरासा?"

मालन दाराला टेकून हसत सुटली. "असू दे, असू दे, तेच ठेवा! लग्न झाल्यापासून या घरात मला कुणी असा चहा मागितलेला नाही."

त्यानंतर भाऊरावांना धीर आला. "वहिनी, मीठ कमी पडलंय, राग मानू नका." "वहिनी, माझा चष्मा दिसला का?" सगळी वाक्यं अशीच अदबीची निघाली. शेवटी अनंतरावांनी एक रिकामी चौकट दाखवली आणि भाऊरावांच्या छातीवर बोट टेकवलं, मग स्वतःच्या ओठांवर. बराच वेळ कुणाला कळेना. कळलं तेव्हा भाऊरावांना स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करावं लागलं, "भाऊराव, आता माझं ऐक."

ते वाक्य बाकावर सगळ्यात जास्त वाजायला लागलं. सोसायटीतली मुलं बेडकाचे डोळे बघून जवळ यायची, चित्रं दाबून बघायची. अनंतरावांनी त्यांच्यासाठी एक वेगळं पान करून घेतलं. त्यात क्रिकेटचं होतं, आणि कोण जिंकलं ते विचारायचंही. सुबोध दर शनिवारी येऊन नवी चित्रं घालून द्यायचा. अ‍ॅपला इंटरनेट लागत नाही, हे कळल्यावर त्याला जरा वाईट वाटलं. सिमकार्डाचा टॅब घ्या म्हणून त्याने किती जीव आटवला होता. पण मामा कुठल्या चित्राच्या शेजारी कुठलं चित्र मागतो हे बघण्यात त्याला रस वाटायला लागला होता.

एका रविवारी अनंतराव मालनच्या आधी तयार होऊन बसले. टॅब गळ्यात, पायांत चपला. बाजाराच्या पिशवीकडे बोट.

मासे आणणं हे त्या घरात कायम त्यांचंच खातं. आजारपणापासून मालन कोपऱ्यावरच्या दुकानातून साफ केलेले, डब्यातले मासे आणत होती, आणि ते नाक न मुरडता खात होते. तिने आदल्या रात्रीचं आवरायचं काम तसंच टाकलं, टॅबवर पाणी उडू नये म्हणून पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली, आणि दोघं निघाली. बाजार जवळच, पण त्यांच्या चालीने वेळ लागला. मालन एक पाऊल मागे राहिली होती.

त्यांची नेहमीची कोळीण शांताबाई जिथे बसायची तिथेच होती. तिने कोयता बाजूला ठेवला. "अगो बाय! किती दिसांनी! मी म्हटलं, शेट दुसरीकडे जायला लागले." मग तिला वाकडा ओठ दिसला, लोंबता हात दिसला.

अनंतरावांनी टॅबवर बोट मारलं. "ताजं हाय का?" भाऊराव गरजले.

शांताबाईने इकडेतिकडे बघितलं. "ह्यो कोनाचा आवाज? तुमचा नाय ह्यो."

"शेजाऱ्यांचा आहे," मालन म्हणाली. "मागून घेतलाय."

शांताबाईने बांगड्यांचा वाटा पुढे केला, भाव सांगितला. अनंतरावांनी दुसरं चित्र दाबलं. "महाग हाय. कमी कर." ती म्हणाली, परवडत नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. ती म्हणाली, सकाळपासून बोहनी नाही. पुन्हा दाबलं. तोच आवाज, तोच सूर, न रागावता, न थकता. आजूबाजूच्या कोळणी खदाखदा हसायला लागल्या. "बंद करा तो, बाबा!" म्हणत शांताबाईने वाट्यात दोन बांगडे वरून टाकले.

त्यांनी कल्ला उचलून लाली बघितली, मान हलवली. मग बोट ओलं झालं आणि टॅब ऐकेना. मालनने पदराने बोट पुसून दिलं. त्यांनी दाबलं. "बरं वाटलं भेटून."

शांताबाईने कोयता पुन्हा हाती घेतला. मासे कापायला घेतले, आणि मधूनच वर बघून म्हणाली, "तुकडे करू का अख्खे ठेवू?"

ते चित्र टॅबमध्ये नव्हतं. अनंतरावांनी पानं उलटली, शोधलं, सोडून दिलं आणि हवेत हाताने सुरी फिरवून दाखवली. शांताबाईला लगेच कळलं. परतताना मालनने माशांची पिशवी घेतली. टॅब त्यांनी तिला घेऊ दिला नाही. कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत असताना ते तिच्याकडे वळले, एक-दोन पानं मागेपुढे केली आणि हवं ते चित्र सापडल्यावर बोट ठेवलं.

"वहिनी," भाऊराव म्हणाले, "आज माशांचं तिखलं करा."

"करते हो भाऊजी," मालन म्हणाली, आणि येणाऱ्या रिक्षाला तिने हात केला.